काळी पाच

हर्सूलला जेलच्या भिंतीच्या थोडं अलीकडं, टायरवाला आणि बिर्याणीवाला यांच्या मधल्या फटीत एक दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. म्हणजे होती, पण एका उन्हाळ्यात वावटळीनं खाली आली ती परत वर चढलीच नाही. मोहियोद्दीन मास्तरांनी ती दोन विटांवर आडवी टाकली आणि तिच्यावर बाजाच्या पेट्या उघडायला लागले. कुणी म्हणालं, "मास्तर, पाटी लावा की वर," तर म्हणतात, "ज्याची पेटी बिघडती त्याला दुकान सापडतंच. ज्याची बिघडली नाय त्याला नाव वाचून काय करायचंय?"

आणि ते खरंच आहे. करमाड, फुलंब्री, पैठण, कुठून कुठून भजनी मंडळं पेट्या घेऊन येतात. शाळांच्या येतात. जेलातल्या बंद्यांच्या भजनाची एक पेटी आहे, ती दोन-तीन वर्षांतून एकदा शिपायाच्या मोटारसायकलवर बसून येते. मास्तर वरचं फळकूट काढतात आणि आत हात घालायच्या आधी वास घेतात. "ही सैपाकघरात ठेवता तुम्ही. फोडणी खाल्लीय हिनं लई." पेटीतून आधी झुरळं निघतात, मग उंदराच्या लेंड्या, मग एखादी केसाची पिन, आणि सगळ्यात शेवटी सूर, असं त्यांचं म्हणणं.

मास्तर आता त्र्याहत्तर वर्षांचे. उंच, पाठीत वाकलेले, उजव्या हाताची बोटं पितळेच्या किसानं कायमची पिवळी. त्या बोटांनी त्यांनी एकतीस वर्षं उस्ताद रौनक अलींच्या गाण्याला साथ केली. उस्तादांचे जे फोटो आहेत त्यांत उजव्या कडेला भात्यावर ठेवलेला एक हात दिसतो. त्याच्यापुढं फोटो संपतो. तो हात मास्तरांचा.

गल्लीला ते पेटी दुरुस्त करणारे म्हणून माहीत. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना उस्तादांचे पेटीवाले म्हणून. त्यांनी चिजाही बांधल्या, बंदिशी रचल्या, हे उस्ताद गेल्यावर तिघांनाच ठाऊक उरलं: त्यांना स्वतःला, त्यांची मुलगी लुबना हिला, आणि त्यांचे गुरुबंधू रामकिसनबुवा यांना.

त्याला कारण त्या गाण्यातली रीत. बंदिशीच्या अंतऱ्यात ती बांधणाऱ्याचं नाव येतं. शेताच्या कडेला खुणेचा दगड रोवावा तसं. पण उस्तादांच्या घरात शागिर्दाला आपलं नाव आपण घेता येत नसे. ते उस्तादानं द्यायचं, चार जाणत्यांना बसवून, त्याला वाटेल त्या दिवशी. तोवर शागिर्दानं जे बांधलं त्यात उस्तादाचं नाव घालायचं. रौनक अली 'रौनकपिया' म्हणून बांधायचे, तर मोहियोद्दीननंही 'रौनकपिया' घालूनच बांधल्या. एक, दोन, चार, सात. "अगले उर्स को तेरा नाम रखूंगा," असं उस्ताद म्हणायचे. खुलताबादचे किती उरूस आले नि गेले. दोन हजार सहा साली उस्तादच गेले.

सहा चिजांबद्दल मास्तरांच्या मनात कधी काही आलं नाही. सातवी मात्र वहिदाची होती.

वहिदा त्यांची बायको. दोन हजार दोन साली तिच्या हाडांत दुखणं शिरलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, आता आपल्या माणसांत राहू द्या. रात्र काय, दिवस काय, तिचा डोळा लागत नव्हता. मास्तर तिच्या खाटेपाशी खाली बसून हळू पेटी वाजवायचे. पेटी एकेरी सुरांची, एका पट्टीला एकच रीड असलेली, जुनी. त्याच आठवड्यात तिची मधल्या सप्तकातली काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, मुकी झाली. आतलं रीड, म्हणजे सूर देणारी पितळेची जीभ, तुटलं होतं. मास्तरांच्या हाताला अर्ध्या तासाचं काम. पण त्यासाठी उठून दुकानात जावं लागलं असतं, आणि ते उठले की वहिदा डोळे उघडायची. म्हणून ते उठले नाहीत. मुक्या पट्टीला वळसा घालून वाजवत राहिले. काळी एकला षड्ज धरला की काळी पाचवर धैवत येतो. दुपारची वेळ, राग भीमपलास चाललेला, आणि त्यात धैवतच नाही.

अशाच एका दुपारी चारच्या सुमाराला तिचा डोळा लागला. किती दिवसांनी कोण जाणे. तेवढ्यात चौदा वर्षांची लुबना शाळेतून आली, आणि तिला दार आपटायची सवय. मास्तरांनी ओठावर बोट ठेवलं आणि आवाज न करता ओठांनीच सांगितलं, दार हळू लाव. लुबनानं दोन्ही हातांनी दार धरलं आणि पोटाशी घेतल्यासारखं लावलं.

त्याच दुपारी चीज झाली.

'हौले भेड़ो किवाड़ री, अभी आँख लगी।' अंतरा, 'रौनकपिया, पग धीरे धरियो, दरद की मारी अब सोवन लगी।'

नऊ दिवसांनी वहिदा गेली. चाळिसावं झाल्यावर उस्तादांनी बोलावलं, तेव्हा मास्तरांनी ती चीज त्यांना ऐकवली. रामकिसनबुवा तिथंच बसलेले होते. अंतऱ्यात नावाची जागा मास्तरांनी रिकामी ठेवली होती, नुसता 'आ'कार लावला होता. उस्ताद रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "जगा खाली कायको रखा? मेरा डाल दे अभी. तेरा बाद में देखेंगे." पुढच्या बैठकीत त्यांनी ती गायली. लोकांनी डोक्यावर घेतली. उस्ताद म्हणाले, "नयी चीज है हमारी." हात भात्यावर ठेवून मास्तरांनी मान हलवली.

काळी पाच त्यांनी नंतर दुरुस्त केली नाही. हजारो पेट्यांची रीडं बदलणाऱ्या माणसाच्या घरातली पेटी बावीस वर्षं तशीच राहिली. आणि लुबना, आता छत्तीस वर्षांची, शाळेत शिकवणारी, आजही कुठलंही दार दोन्ही हातांनी लावते.

*

परवाच्या हिवाळ्यात श्रेया दुकानावर आली. श्रेया रामकिसनबुवांची शिष्या, गळा चांगला, नाव होऊ लागलेलं. तिनं पुण्याच्या एका स्टुडिओत जाऊन उस्तादांच्या अकरा बंदिशी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. रेकॉर्डिंग सोमवारी इंटरनेटवर चढणार होतं आणि बरोबरची पुस्तिका त्याच दिवशी छापायला जाणार होती. प्रत्येक बंदिशीखाली राग, ताल आणि रचनाकार.

"चाचा, रविवारी सकाळी गारखेड्यात धम्मपालदादांकडं सगळे बसणार आहोत ऐकायला. तुम्ही पाहिजेच. उस्तादांबरोबर बसलेली माणसं आता दोनच राहिलीत."

"कुठल्या कुठल्या घेतल्यास?"

तिनं यादी दाखवली. मास्तरांनी चष्मा वर करून वाचली. अकरात त्यांच्या सातही होत्या. आठव्या क्रमांकावर भीमपलास.

त्या रात्री जेवताना त्यांनी लुबनाला सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं.

"अब्बा, छे जाने दो. अम्मीवाली नक्को."

"चीज में नाम उस्ताद का है, बेटा."

"चीज में रहने दो ना. मैं कां बोलती निकालो? पर किताब में नीचे लिखते ना, किसने बांधी. वां तुमारा नाम होना. बस एक."

"देखेंगे."

"देखेंगे नै. तुम वां जाते और गर्दन हिलाके आते. मेरे कू मालूम है तुमारी गर्दन."

मास्तर हसले, पण ते हसू घास गिळेपर्यंतच टिकलं. रविवारी सकाळी लुबनानं त्यांना स्कूटीवर मागं बसवलं आणि पेटी पुढं पायांत घेतली. पेटी कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. ती त्यांनीच बांधून ठेवली होती.

*

धम्मपाल तबलजी. माणूस जिभेचा तिखट आणि मनाचा साधा. त्याच्या गच्चीवरच्या खोलीत गाद्या टाकलेल्या होत्या, सात-आठ माणसं बसली होती. कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या करुणाताई वही-पेन घेऊन पुढं. रामकिसनबुवा खुर्चीत, गुडघे गेल्यामुळं त्यांना खाली बसवत नाही. करमाडची शेती भावांच्या हवाली करून वयाच्या बाविसाव्या वर्षी उस्तादांच्या दारात येऊन बसलेला हा माणूस. उस्तादांमागं त्यांच्या गाण्याचा वारस म्हणजे रामकिसनबुवा, असं गेली अठरा वर्षं चालत आलेलं.

"या मास्तर," धम्मपाल म्हणाला. "पेटी आणली? इथं काय बिघडलंय?"

"अजून कळलं नाय. ऐकल्यावर सांगतो."

लोक हसले. चहा आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. कुणाच्या तरी नव्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा मोबाइलचा लावलाय. कुणी तरी जुनी बंदिश घेऊन दोन शब्द बदलले आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. "आता काय," धम्मपाल म्हणाला, "उद्या आपल्या बापाच्या फोटोखाली बी दुसऱ्याचं नाव टाकतील. तो फोटोतून काय बोलणार?"

"रचना करणं म्हणजे शब्द जोडणं नव्हे," करुणाताई म्हणाल्या. "राग नव्यानं दिसला पाहिजे. उस्तादांच्या बाबतीत मला तेच वाटतं. आयुष्यभर थोडं बांधलं, पण प्रत्येक चीज रागाला एक खिडकी पाडते."

"थोडं म्हणजे अकराच," बुवा म्हणाले. "पण खणखणीत."

रेकॉर्डिंग लागलं. श्रेयानं मनापासून गायलं होतं, त्यात शंका नाही. प्रत्येक चीज संपली की थोडं बोलणं व्हायचं. लय कशी बसवली, समेवर कसं आणलं. मास्तर गप्प ऐकत होते. आपली पोरं दुसऱ्याच्या लग्नात नवे कपडे घालून हिंडताना पाहावीत, तसं. दोन ठिकाणी त्यांना एवढं बरं वाटलं की त्यांनी दाद दिली.

मग आठवी लागली. 'हौले भेड़ो किवाड़ री.'

संपल्यावर करुणाताईंनी पेन खाली ठेवलं.

"ह्याच्यात धैवत नाही," त्या म्हणाल्या. "लक्षात आलं का? सगळ्या चिजेत एकदाही नाही. भीमपलासातून धैवत काढला तर तो धानी रागाकडं घसरणार. पण उतरताना रिषभ असा ठेवलाय की उंबऱ्यापर्यंत नेतात आणि परत आणतात. केवढा विचार असेल ह्यामागं! आणि शब्द बघा, किवाड. दार. देहाचं दार असणार ते. एक स्वर बाहेर ठेवून दार लावलंय उस्तादांनी."

"उस्ताद म्हणजे उस्ताद," धम्मपाल म्हणाला.

बुवांनी डोळे मिटून मान हलवली.

"काळी पाच बंद होती," मास्तर म्हणाले.

"काय?"

"पेटीची काळी पाच. रीड तुटलं होतं. म्हणून धैवत नाय." त्यांनी पेटी पुढं ओढली. "ही चीज मी बांधलीय. माझी बायको झोपली होती. दार आमच्या घराचं."

श्रेयानं फोन हातातून खाली ठेवला. कुणी तरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं.

"बाकीच्यांचं मी काय बोलत नाय," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "चिजेतलं उस्तादांचं नाव बी राहू द्या. ते तिथंच शोभतं. फक्त पुस्तकात ह्या एकीच्या खाली माझं लिहा. बाकी काय नको."

त्यांनी पेटी सोडली. भाता धरला, काळी एकवर षड्ज लावला आणि चिजेची स्थायी, पहिली ओळ, वाजवली. मग काळी पाच दाबली. पट्टी खाली गेली. आतून नुसती हवा सुटल्याचा फस्स आवाज आला.

"बावीस वर्षं अशी हाय."

धम्मपाल पुढं वाकला, त्यानंही एकदा दाबून बघितली. मग डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, राग नका मानू. पण तुमच्या दुकानात दहा मिनिटांत कुठली बी पट्टी मुकी होती अन् दहा मिनिटांत बोलती. जेलातल्या पेटीला तुम्ही काय केलं ते मी पाह्यलंय. हिच्यावर कुणी तारीख टाकलीय?"

मास्तरांनी आपल्या पिवळ्या बोटांकडं पाहिलं. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्षानुवर्षं जपलेला पुरावा त्यांच्याच हातांनी खोटा ठरत होता, कारण ते हात त्याच कामाचे होते.

"बुवा," श्रेया म्हणाली, "तुम्ही होतात ना तेव्हा? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी छापते."

सगळ्यांच्या माना खुर्चीकडं वळल्या. मास्तरांनीही वर पाहिलं. वहिदाच्या चाळिसाव्याला ह्याच माणसानं पंगतीत वाढलं होतं. उस्ताद रडले तेव्हा पाण्याचा गिलास ह्यानंच दिला होता.

रामकिसनबुवांनी नजर आपल्या गुडघ्यांकडं वळवली.

"मला ही चीज उस्तादांनी शिकवली," ते म्हणाले. "समोर बसवून."

"ते खरंच हाय, भाऊ," मास्तर म्हणाले. "पण त्याच्या आधी—"

"श्रेया, ती वही काढ."

वही निघाली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. मास्तरांनी ती लांबूनच ओळखली. दोन हजार चार साली उस्तादांची नजर गेली, तेव्हा ते म्हणाले होते, आपल्या सगळ्या चिजा लिहून ठेवा. अक्षर मोहियोद्दीनचं चांगलं. मग रोज सकाळी उस्ताद पलंगावर, मास्तर खाली, आणि एकेक चीज स्वरांसकट कागदावर. लिहिलेलं पान वाचून दाखवायचं. 'ऊपर क्या लिखा?' असं उस्ताद विचारायचे. दरवेळी विचारायचे.

बुवांनी वहीचं पान उघडून मास्तरांपुढं धरलं.

"हे अक्षर कुणाचं रे, मोयद्दीन?"

"माझं."

"वर काय लिहिलंय?"

मास्तरांना चष्म्याची गरज नव्हती. "रचना, उस्ताद रौनक अली."

"तूच लिहिलंस?"

"मीच. आंधळा माणूस समोर बसून विचारीत होता, वर काय लिहिलं म्हणून. काय सांगायचं मी त्याला?"

 करुणाताईंनी वही घेतली, पान पाहिलं, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मास्तर, इतकी वर्षं मनाशी धरलेली चीज आपलीच वाटायला लागते. साथ करणाऱ्याचं तर जास्तच होतं. त्यात कमीपणा काही नाही."

त्या वाईट मनानं बोलल्या नव्हत्या. तेच जास्त लागलं.

श्रेयाचे डोळे भरले होते. "चाचा, मी असं करते. वहीचं लेखन म्हणून तुमचं नाव देते. पहिल्या पानावर."

"नको."

"मग काय देऊ?"

"पेटीची साथ म्हणून देतीस का? ते तर खरं हाय ना. एकतीस वर्षं."

श्रेया खाली बघून म्हणाली, "ह्या रेकॉर्डिंगला पेटी दुसऱ्यानं वाजवलीय, चाचा."

"व्हय की," मास्तर म्हणाले. "इसरलोच मी." आणि ते पेटी बांधायला लागले. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा धम्मपालनं बांधून दिली आणि पेटी खाली नेऊन ठेवली.

*

मास्तर खाली फाटकापाशी लुबनाची वाट बघत उभे होते, तेव्हा मागून काठीचा आवाज आला. रामकिसनबुवा एकेक पायरी उतरून येत होते. ते शेजारी येऊन उभे राहिले. समोरून एक भंगारवाला ओरडत गेला. 

"वर सांगायचं होतं," मास्तर म्हणाले. "खाली येऊन काय उपेग?"

"वर नाय सांगता आलं."

"तू तिच्या हातचं खाल्लंयस, भाऊ. ईदेला तुझ्यासाठी बिनमटणाचं येगळं शिजवायची ती."

"माहितेय." बुवांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "अकरातल्या सात तुझ्या. माझ्या किती, माहितेय तुला?"

मास्तरांनी वळून बघितलं.

"दोन. तिसरी अन् ती शेवटची, अकरावी. मला बी म्हणले होते, पुढच्या उरुसाला नाव देतो. दिलं का? सात तुझ्या गेल्या, दोन माझ्या गेल्या, तर राहिलं काय उस्तादांपाशी? दोन. त्या बी कुणाच्या, ते वरचा जाणे. मोयद्दीन, पन्नास वर्षं मी त्या माणसाचं गाणं गातोय म्हणून लोक मला पाया पडतात. मी वर बोललो असतो तर आज दुपारपासून ते गाणंच कुणाचं उरलं नसतं."

"मी सात मागितल्या नाय. एक मागितली."

"एक ईट काढली की भिंत ढासळती. तू पेटीवाला, तुला कळत नाय?"

"पेटीतलं एक रीड काढलं तर पेटी वाजती, भाऊ," मास्तर म्हणाले. "बावीस वर्षं वाजतीय."

 स्कूटी कोपऱ्यावर दिसली तसे बुवा मागं फिरले आणि परत जिना चढायला लागले. एक पायरी, थांबणं, एक पायरी. मास्तरांनी सवयीनं हात पुढं केला होता. तो त्यांनी मागं घेतला.

लुबनानं वडलांच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि स्कूटी वळवली.  हर्सूलच्या तळ्याच्या रस्त्याला लागल्यावर तिनं मान न वळवता विचारलं, "बोले क्या?"

"बोल्या."

"फिर?"

"मेरेच हात का लिखा हुआ निकला."

*

घरी आल्यावर मास्तर जेवले नाहीत. पेटी उचलून दुकानात गेले. रविवारी दुकान बंद असतं, तरी फळी उघडली. विटांवरच्या पाटीवर पेटी ठेवली, वरचं फळकूट काढलं. डब्यात मेलेल्या पेट्यांची रीडं साठवलेली होती. त्यातून शोधून एक काढलं. मापाचं. स्क्रू ढिले करून तुटलेलं बाहेर घेतलं. बावीस वर्षांत त्याच्यावर हिरवा गंज चढला होता. ते त्यांनी तळहातावर ठेवून थोडा वेळ बघितलं आणि भंगाराच्या डब्यात टाकलं.

नवं बसवलं. सूर उतरलेला होता. रीड टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाला घासलं की उतरतो. त्यांनी टोकाला कानस लावली. थोडं घासायचं, फुंकर मारायची, ऐकायचं. असं तासभर. पितळेचा बारीक कीस पाटीवर पडत होता. शेवटी काळी पाच शेजारच्या सुरांना येऊन मिळाली. हाताला शंका उरली नाही.

चारच्या सुमाराला ते पेटी घेऊन घरी आले. खाटेपाशी, जिथं खाट होती त्या जागी, खाली बसले आणि भीमपलास वाजवायला लागले. 'हौले भेड़ो किवाड़ री.' उतरताना ह्या वेळी वळसा घातला नाही. निषादावरून धैवत, धैवतावरून पंचम, सरळ, पुस्तकात असतो तसा.

लुबना आतून आली. हात कणकेनं भरलेले.

"अब्बा, वो पट्टी बोल रई."

"हौ. दुरुस्त की."

"कायकू?"

"अब किसको दिखानी है?" मास्तर म्हणाले. "दिखाई तो बोलते, तूनेच मारी होगी. मैं पेटी दुरुस्त करता ना बेटा. घर की पेटी कब तक बिगड़ी रखूँ?"

त्यांनी परत स्थायी घेतली. चांगली वाजली. स्वच्छ, पूर्ण, शंभर जणांनी बांधलेल्या शंभर भीमपलासांसारखी. लुबना भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

"ये अम्मी की नै लगती," ती म्हणाली.

मास्तरांचं बोट काळी पाचवरच होतं. भात्यातली हवा संपेपर्यंत धैवत वाजत राहिला.

"नै," ते म्हणाले. "अब नै."

ती वळली आणि आत गेली. तिच्यामागं दार आपटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांचं बोट आपोआप ओठाशी गेलं, आणि समोर कुणी झोपलेलं नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी ते खाली घेतलं.